फुल रेंज, तरी फोन लागेना: मोबाइलवरच्या काड्यांची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडला वाघबीळ-कासारवडवलीकडच्या नव्या इमारतींत पंचविसाव्या मजल्याच्या वर राहायला गेलेली मंडळी एक तक्रार हमखास करतात: फोनवर काड्या पूर्ण, आणि कॉल दोन वाक्यांत तुटतो. वाशी-नेरुळला सिडकोच्या जुन्या बैठ्या इमारतींत नेमकं उलटं ऐकायला मिळतं. काड्या दोनच, पण बोलणं सुरळीत. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुमच्याकडे कुठलं सिम?’ सुरू होतं, कोणी नंबर पोर्ट करतं, आणि काही दिवसांनी तीच तक्रार नव्या कंपनीच्या नावाने येते. या सगळ्या वादात पुरावा म्हणून जो तो काड्याच दाखवतो. त्या कशावरून वरखाली होतात आणि त्यांचं माप कोणी ठरवलं, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर असं सर्वमान्य माप कोणी ठरवलेलंच नाही.

मोबाइलच्या कितीतरी आधी व्हॉल्व्हच्या रेडिओला एक हिरवा डोळा असायचा. ‘मॅजिक आय’ नावाची ही नळी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९३५ साली बाजारात आणली, आणि पुढे आपल्याकडच्या मोठ्या रेडिओंवरही ती दिसू लागली. काटा फिरवताना स्टेशन नीट लागलं की डोळ्यातली काळी पाचर मिटत जायची. लांबचं आणि जवळचं स्टेशन साधारण एकाच आवाजात ऐकू यावं म्हणून रेडिओ येणाऱ्या लहरीचा जोर पाहून आतल्या आत स्वतःला आवरतो किंवा सैल सोडतो. या आवरण्यासाठी लागणारा विजेचा दाबच डोळ्याला जोडलेला असे. त्यामुळे डोळ्याला कळायचा तो फक्त जोर. रात्री रेडिओ सिलोनवर दुसरं स्टेशन चढून बसलं आणि दोघांचा गोंगाट सुरू झाला, तरी डोळा आपला समाधानाने मिटलेला. मोबाइलच्या काड्या याच घराण्यातल्या, आणि हा दोषही त्यांच्याकडे वारशाने आला आहे.

हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांकडे, याच कामासाठी काट्याचं मीटर होतं, एक ते नऊ अशा खुणांचं. प्रत्येक कारखान्याचा काटा वेगळं बोलायचा. शेवटी त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१मध्ये नऊ म्हणजे किती आणि दोन खुणांमध्ये अंतर किती, हे एकदाचं ठरवून टाकलं. हौशी लोकांनी जे केलं, ते अब्जावधी फोन विकणाऱ्या कंपन्यांनी अजून केलेलं नाही.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. मुंबई सर्कलमध्ये मॅक्सटच आणि बीपीएल मोबाइल या दोन कंपन्या उतरल्या, आणि ठाणे व नवी मुंबई याच सर्कलमध्ये होती. (मॅक्सटचचं पुढे ऑरेंज, मग हच, मग व्होडाफोन झालं, तेवढ्या काळात ठाण्याचे अर्धे तलाव बुजले असतील!) सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, इनकमिंग फुकट झालं ते २००३मध्ये. साहजिकच फोन फार थोड्यांकडे होते. टॉवरही मोजके होते, पण प्रत्येकाच्या वाट्याला त्यांची भरपूर जागा येत होती. अडचण एकच असायची: लहर आपल्यापर्यंत पोहोचते की नाही. नोकियाच्या पडद्यावर डावीकडे उभ्या चढणाऱ्या त्या पट्ट्या नेमकं तेवढंच सांगायच्या. त्या काळापुरत्या त्या बऱ्यापैकी खऱ्या होत्या, आणि काड्यांवरचा आपला विश्वास बसला तो तेव्हा.

फोनच्या आत मात्र काड्या नसतात, आकडा असतो. लहरीचा जोर डीबीएम या एककात मोजतात. एक मिलिवॉट म्हणजे शून्य, आणि हवेतून येणारी लहर त्याहून कितीतरी क्षीण असल्यामुळे आकडे उणे येतात. दहाने (म्हणजे दहा डेसिबलने) आकडा घसरला की जोर दहाव्या हिश्शावर येतो, तीनने घसरला की निम्म्यावर. जीएसएम या २जी तंत्राच्या प्रमाणकात फोनने उणे ११० ते उणे ४८ या पट्ट्यात जोर मोजून टॉवरला कळवायचा, असं बांधून दिलं होतं. मोजण्यात किती चूक चालेल हेही लिहिलेलं असतं. ४जीमध्ये ती मुभा साध्या परिस्थितीतसुद्धा अधिक-उणे सहा डेसिबल आहे. म्हणजे एकाच टेबलावर ठेवलेले दोन निर्दोष फोन बारा डेसिबलने, जवळजवळ सोळापटीने, वेगळे आकडे दाखवू शकतात आणि दोन्ही नियमात बसतात. इतकं सगळं लिहिणाऱ्या प्रमाणकांनी या आकड्याच्या काड्या कशा करायच्या, हे फोन बनवणाऱ्यावर सोडून दिलं.

आणि तिथे विक्रीखात्याचा शिरकाव झाला. अमेरिकेत २००४च्या सुमारास सिंग्युलर या मोबाइल कंपनीने चढत्या पाच काड्या थेट जाहिरातीत आणल्या. काड्या म्हणजेच नेटवर्कचा दर्जा, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं होत गेलं. जास्त काड्या दाखवणारा फोन दुकानात चांगला दिसतो, आणि जास्त काड्या दिसल्या की कंपनीच्या कॉल सेंटरलाही कमी फोन येतात. कमी काड्या दाखवण्यात मात्र कोणाचाच फायदा नव्हता.

हे उघड्यावर आलं ते २०१०च्या जून-जुलैमध्ये. आयफोन ४च्या कडेची स्टीलची पट्टी हीच त्याची अँटेना होती. डाव्या हातात फोन धरला की खालच्या कोपऱ्यातली फट तळव्याखाली यायची आणि काड्या भराभर गळायच्या. गदारोळ झाल्यावर २ जुलैला ॲपलने पत्र काढलं, आणि त्यातलं स्पष्टीकरण मजेशीर होतं: काड्या काढण्याचं आमचं सूत्रच साफ चुकीचं आहे, पुष्कळदा आम्ही असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत आलो. आनंदटेक या संकेतस्थळाने तेव्हा आकडे काढून दाखवले. उणे ५१ ते उणे ९१ एवढ्या प्रचंड पट्ट्यात, म्हणजे जोर दहा हजारपटीने कमी होईपर्यंत, फोन पाचच्या पाच काड्या दाखवत होता. उरलेल्या चार काड्या पुढच्या बावीस डेसिबलमध्ये कोंबलेल्या. तिसरी काडी तर जेमतेम दोन डेसिबलची. हाताने घट्ट धरल्यावर जोर सुमारे चोवीस डेसिबलने पडत होता. म्हणजे टॉवरच्या अगदी जवळ असलेल्याला काहीच फरक दिसत नसे, आणि उणे नव्वदच्या आसपास असलेल्याच्या पाचही काड्या एका मुठीत नाहीशा होत. अँटेनाचा दोष खरा होताच. पण तो एवढा नाट्यमय दिसला तो आधी फुगवून दाखवलेल्या काड्यांमुळे. जुलैच्या मध्यावर ॲपलने नवं सूत्र पाठवलं आणि फोनला रबरी कव्हर फुकट वाटली. पुढे २०१३मध्ये काड्यांचे ठिपके झाले, २०१७मध्ये पुन्हा काड्या आल्या, त्याही पाचाच्या चार. प्रश्न चित्राचा नव्हताच, हा भाग वेगळा.

अँड्रॉइडचा किस्सा कमी गाजला, पण त्याचा कोड सगळ्यांना वाचता येतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत २जीसाठी साधारण उणे ८९च्या वर काहीही असलं की पूर्ण काड्या मिळत. ४जीसाठी ही रेषा मूळ कोडमध्ये उणे ९८वर आहे. मोबाइल कंपन्यांना ही रेषा आपापल्या सिमपुरती हलवता येते. एवढंच नव्हे, तर काड्यांचा आकडा एकने वाढवून दाखवण्याची वेगळी सोयही त्या कोडमध्ये ठेवलेली आहे. तेव्हा दोन सिमच्या फोनमध्ये वरच्या काड्या खालच्या काड्यांशी ताडून ‘हे सिम चांगलं’ म्हणणं हे दोन वेगवेगळ्या दुकानांतल्या तराजूंवर केलेली तुलना आहे.

मधल्या काळात मोजायची वस्तूही बदलत गेली. ३जीमध्ये लहरींच्या एकाच पट्ट्यावर सगळे एकदम बोलत असल्यामुळे गर्दी वाढली की हवेतला एकूण जोर वाढतो आणि त्यातला आपल्या कामाचा वाटा घटतो. नुसता एकूण जोर पाहणाऱ्या फोनला गर्दीच्या वेळी नेटवर्क सुधारल्यासारखं वाटायचं! ४जीत पूर्ण पट्ट्याऐवजी त्यातल्या एका बारीक उपलहरीचा जोर मोजतात. म्हणून २जीत मरायला टेकलेला उणे १०० हा आकडा ४जीत ठीकठाक असतो.

आता ठाणे स्टेशनचा संध्याकाळचा पूल घ्या. स्टेशनाच्या आजूबाजूला टॉवरची वानवा नाही. जोर उत्तम, काड्या भरलेल्या. पण त्याच टॉवरवर लोकलची वाट पाहणारे हजारो जण रील बघत असतात. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि यूपीआयचं चाक रिक्षावाल्यासमोर गरगरत राहतं. काडीला गर्दी दिसत नाही. पहाटे साडेचारला त्याच जागी तेवढ्याच काड्या असतात आणि पैसे चटकन जातात.

वरच्या मजल्यांचं दुखणं निराळं. टॉवरवरच्या अँटेना रस्त्यावरच्या आणि मध्यम उंचीच्या इमारतींतल्या लोकांसाठी किंचित खाली झुकवलेल्या असतात. तिसाव्या मजल्याच्या गॅलरीतून समोर खाडी, काल्हेर-भिवंडी, इकडे येऊरची बाजू, सगळं मोकळं दिसतं, आणि फोनलाही ते सगळे टॉवर सारखेच दिसतात. जोर चांगला असतो, पण एकही टॉवर बाकीच्यांपेक्षा ठळक नसतो. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि एखादी उडी चुकते, तिथे कॉल तुटतो. ऐरोलीच्या पुलावर किंवा वाशीच्या खाडीपुलावर लोकलमध्ये हेच होतं: पाण्यावरून दोन्ही काठांचे टॉवर एकमेकांवर चढून येतात. जोराबरोबर ‘स्वच्छपणा’ मोजणारा दुसरा आकडा फोनकडे असतो, पण काड्यांत तो नेहमी धरला जातोच असं नाही.

आणखी एक बाजू काड्यांना मुळातच ठाऊक नाही. टॉवर बोलतो ते कित्येक वॉटमध्ये, आणि ४जी फोन उत्तर देतो ते जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉटमध्ये. काड्या सांगतात ते टॉवर आपल्याला किती ऐकू येतो एवढंच. आपण टॉवरला ऐकू जातो का, हे पडद्यावर कुठेच नसतं. ‘मला तुझा आवाज येतोय, माझा येतोय का?’ हे वाक्य रोज इतक्या वेळा का म्हणावं लागतं, त्याचं एक कारण हे आहे.

महापे-ऐरोलीच्या काचेच्या ऑफिसांत धातूचा पातळ थर दिलेल्या काचा उन्हाबरोबर रेडिओलहरीही परतवतात. तिथे काड्या खरोखरच पडतात, आणि ते प्रामाणिक असतं.

आपल्याकडच्या नियमांतही हा जोर आणि सेवेतला घोळ दिसतो. रस्त्यावर गाडी फिरवून नेटवर्क तपासताना २जीच्या काळापासून जोराच्या रेषा ठरलेल्या आहेत: इमारतीत उणे ७५, गाडीत उणे ८५, उघड्यावर उणे ९५. १ सप्टेंबर २०१२पासून सरकारने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. एकीकडे सोसायट्या गच्चीवर टॉवर नको म्हणू लागल्या, दुसरीकडे घरात रेंज नाही म्हणून ओरडू लागल्या. काही वेळा तीच माणसं, त्याच सभेत. मग २०१५-१६चं कॉल ड्रॉप प्रकरण झालं. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ट्राय या दूरसंचार नियामकाने लावली आणि मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्याच सुमारास आणखी एक संशय पुढे आला. रेडिओ लिंक टाइमआउट नावाची एक वेळमर्यादा असते. लहर हरवल्यावर किती वेळ वाट पाहून कॉल तुटला असं धरायचं, ते तिच्यावर ठरतं. ती वाढवली की कॉल कागदोपत्री चालूच राहतो, समोरून आवाज येत नाही, आणि वैतागून माणूसच फोन ठेवतो. तो कॉल ‘तुटला’ या हिशेबात येत नाही, पैसे मात्र त्या शांततेचेही लागतात.

१ ऑक्टोबर २०२२ला ५जीचं उद्घाटन झालं, आणि काड्यांशेजारच्या चिन्हालाही तोच रोग लागला. ४जीच्या खांद्यावर बसवलेल्या ५जीमध्ये ‘इथे ५जी मिळू शकतं’ एवढी घोषणा टॉवरने केली तरी चिन्ह उमटू शकतं, डेटा अजून ४जीवरूनच येत असला तरी. चिन्ह नेमकं कधी लावायचं यासाठी मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने एक नव्हे, चार पर्याय दिले आहेत.

खरा आकडा बघायचा असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे तो मिळतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. ४जीवर उणे ९५च्या आसपास असाल आणि तरी काही चालत नसेल, तर खिडकीत जाऊन उभं राहण्यात फारसा अर्थ नाही. अडचण गर्दीची किंवा टॉवरांच्या गोंधळाची असते. उणे ११५च्या खाली असाल तर खिडकी नक्की मदत करते. आणि तक्रार नोंदवताना ‘दोनच काड्या आहेत’ याऐवजी हा आकडा, जागा आणि वेळ लिहिली, तर समोरच्या इंजिनियरला निदान त्यावरून काहीतरी तपासता येतं.