झेफिरमध्ये बिल्ड फुटला की आधी एररची शेपटी बघा

झेफिर या छोट्या उपकरणांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० सेन्सर जोडताना बहुतेकांना भेटणारी एरर डिव्हाइस_डीटीएस_ऑर्ड या नावाने सुरू होते. ती दिसली की लोक पीआरजे डॉट कॉन्फ या प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एकामागून एक ओळी टाकत सुटतात. मीही एक अख्खी संध्याकाळ तेच केलं होतं. चूक त्या फाइलमध्ये नव्हतीच, ओव्हरलेच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ हार्डवेअर-वर्णनात आपली भर घालणाऱ्या फाइलच्या, नावात एक अक्षर चुकलं होतं.

गोंधळ होतो तो डिव्हाइसट्री आणि केकॉन्फिग या दोन गोष्टींचा. सातबारा आपण एकच कागद म्हणून काढतो, पण त्यातला नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो आणि नमुना बारा तीत काय पेरलंय ते. इथेही तसंच आहे. बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे बसलंय हे डिव्हाइसट्री सांगते: अमुक आय२सी बसवर (सेन्सर जिला जोडतात त्या तारांच्या जोडीवर), हेक्साडेसिमल ७६ किंवा ७७ पत्त्यावर, बॉशचा बीएमई२८०. त्यासाठी लागणारा सी कोड फर्मवेअरमध्ये घ्यायचा की नाही, हे केकॉन्फिग ठरवतं. दोन्ही गोष्टी लिनक्सच्या जगातून आल्या, पण लिनक्स डिव्हाइसट्री बूट होताना वाचतं आणि झेफिर तिची बिल्डच्या वेळीच सी हेडर फाइल करून टाकतं. म्हणून या झाडातली, म्हणजे डिव्हाइसट्रीतली, चूक इथे कंपायलरच्या तोंडून ऐकू येते.

आता ती शेपटी, म्हणजे एररच्या नावात ऑर्डनंतर येणारा भाग. ऑर्डनंतर डीटी_एन_नोडलेबल असं लांबलचक नाव तसंच्या तसं दिसलं, तर मॅक्रो (कंपाइल होताना ज्याच्या जागी खरी किंमत येते ते नाव) उलगडलाच नाही, म्हणजे या लेबलचा नोड, त्या हार्डवेअरची नोंद, झाडात नाही. दोष डिव्हाइसट्रीकडे आहे आणि केकॉन्फिगमध्ये कितीही ओळी टाकल्या तरी काही फरक पडणार नाही. लेबलचं स्पेलिंग तपासा. मग बिल्डच्या सुरुवातीच्या मजकुरात ओव्हरले सापडल्याची ओळ आली का ते बघा. बोर्डाच्या नावाशी फाइलनाव जुळलं नाही, तर झेफिर ती फाइल उचलत नाही आणि त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. फाइल नव्याने टाकली असेल तर बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा बिल्ड करा.

ऑर्डनंतर नुसता आकडा असेल, समजा २५, आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे शेवटी जोडणारा प्रोग्रॅम) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणत असेल, तर नोड सापडलाय, पण त्याच्यासाठी डिव्हाइस तयार करणारा ड्रायव्हरच बांधला गेलेला नाही. आता केकॉन्फिगकडे वळायचं. बऱ्याचदा फक्त कॉन्फिग_सेन्सर चालू करायचं राहिलेलं असतं. झेफिरच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये नोड चालू असला की ड्रायव्हर आपोआप निवडला जातो, पण त्याच्या वरचा सेन्सरचा मुख्य पर्याय आपल्यालाच चालू करावा लागतो. एखाद्या पर्यायापुढे तुम्ही वाय (चालू) लिहिलंत आणि प्रत्यक्षात एन (बंद) झालं, तर तसा इशारा बिल्डच्या मजकुरात येतो. तो वाचा. लोक तिथूनच घाईने खाली सरकतात.

तो आकडा इंटरनेटवर शोधू नका. तो फक्त तुमच्या बिल्डपुरता असतो आणि झाड बदललं की तोही बदलू शकतो. तयार झालेली डिव्हाइसट्री_जनरेटेड ही हेडर फाइल उघडा. तिच्या सुरुवातीच्याच कॉमेंटमध्ये प्रत्येक आकड्यासमोर नोडचा पूर्ण मार्ग दिलेला असतो. तिथे २५ समोर सेन्सरऐवजी आय२सी बस निघाली, तर तुमचा सेन्सर ठीक आहे. त्याची बसच बंद आहे किंवा बसचा ड्रायव्हर बांधलेला नाही. अशा वेळी एरर तुमच्या मेन फाइलमधून न येता बीएमई२८० च्या ड्रायव्हरच्या फाइलमधून येते, आणि लोकांना वाटतं की झेफिरचा ड्रायव्हरच बिघडलाय.

एवढं करूनही शंका उरली तर बिल्ड फोल्डरमधल्या झेफिर उपफोल्डरात दोन फाइली शेजारी उघडून ठेवा: झेफिर डॉट डीटीएस आणि डॉट कॉन्फिग. सगळे ओव्हरले मिसळल्यावर खरं झाड कसं झालं ते पहिलीत दिसतं, आणि खरोखर कोणते पर्याय लागू झाले ते दुसरीत. पहिलीत नोडच्या स्टेटसपुढे डिसेबल्ड दिसलं, तर आधी आपल्या ओव्हरलेमध्ये ते ओके करा आणि मगच दुसरी फाइल वाचायला घ्या.