पीतज्वर-प्रयोगांतील स्वयंसेवकांचे स्मृतिजतन

पीतज्वर (पिवळा ताप, यलो फीवर) डासांमार्फत पसरतो हे सिद्ध करण्यासाठी १९००-०१ मध्ये क्युबातील हवाना शहराजवळ काही माणसांनी स्वतःचे शरीर प्रयोगासाठी दिले. त्यांची नावे, ती जागा आणि त्या काळचे कागद नष्ट होऊ नयेत म्हणून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास प्रयोगांइतकाच सांगण्यासारखा आहे. यांतली काही नावे कायद्यात कोरली गेली, काही फक्त करारपत्रावर उरली. हा फरक त्यांनी पत्करलेल्या धोक्यावरून पडलेला नाही.

क्युबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे डासांचा सिद्धांत मांडला होता. जवळजवळ वीस वर्षे तो कोणी मनावर घेतला नाही. रोग्याचे कपडे, अंथरुणे आणि घाण यांतून रोग पसरतो, हीच समजूत पक्की होती. जून १९०० मध्ये अमेरिकन सैन्याचे चार डॉक्टरांचे मंडळ क्युबात कामाला लागले : वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि अरिस्तिदेस अग्रामोंते. डासांची अंडी त्यांना फिनले यांच्याकडूनच मिळाली. तो डास आज एडिस इजिप्ती या नावाने ओळखला जातो. भारतात पीतज्वर नाही, पण आपल्याकडच्या पिंपांत, कुंड्यांत आणि टाकून दिलेल्या टायरांत वाढून डेंग्यू पसरवणारा डास हाच.

पहिले स्वयंसेवक डॉक्टरच होते. २७ ऑगस्ट १९०० रोजी कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला. ते मरता मरता वाचले, पण हृदय कायमचे दुबळे झाले आणि १९०७ मध्ये ते गेले. लाझिअर २५ सप्टेंबर १९०० रोजी पीतज्वरानेच वारले. वय अवघे चौतीस. रुग्णालयात भरकटलेला एक डास त्यांना चुकून चावला, अशी अधिकृत नोंद झाली. मात्र त्यांच्या टिपणवहीत त्याच सुमारास ‘गिनी पिग क्र. १’ला डास चाववल्याची नोंद होती, आणि तो ‘गिनी पिग’ म्हणजे ते स्वतःच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

२० नोव्हेंबर १९०० रोजी मारियानाओजवळच्या केमादोस भागात, सान होसे नावाच्या शेतावर, नवी छावणी उभी राहिली. तिला दिवंगत सहकाऱ्याचे नाव दिले : कॅम्प लाझिअर. तंबूंखेरीज तिथे चौदा बाय वीस फुटांच्या दोन लाकडी खोल्या बांधल्या होत्या. पहिल्या खोलीत डासाला शिरकाव नव्हता आणि वारा जवळजवळ येत नव्हता. शेगडी पेटवून आतली हवा मुद्दाम उबदार व दमट ठेवलेली असे. ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी डॉ. रॉबर्ट कुक आणि लिव्हाय फोक व वॉरन जर्नेगन हे दोन सैनिक आत शिरले. पीतज्वराच्या रोग्यांच्या उलटीने, मलमूत्राने माखलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे पेट्यांतून काढायचे, झटकायचे आणि त्यांवरच झोपायचे, असा नेम होता. १२ डिसेंबरला चौथी पेटी उघडली तेव्हा दुर्गंधी इतकी असह्य झाली की त्यांना बाहेर पळावे लागले. थोड्या वेळाने ते परत आत गेले आणि रात्र तिथेच काढली. अशा वीस रात्री झाल्यावर दुसऱ्यांनी जागा घेतली. पुढच्यांनी रोग्यांचेच कपडे अंगावर घातले. ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट दिवसांत, एकूण सात जण त्या खोलीत राहिले आणि एकालाही पीतज्वर झाला नाही. मुळातच त्यांना तो होणार नव्हता का? तसे नव्हते. फोक आणि जर्नेगन यांना नंतर मुद्दाम संसर्ग दिला, तेव्हा दोघेही आजारी पडले.

दुसरी खोली स्वच्छ होती. मधोमध तारेची जाळी लावून तिचे दोन भाग केले होते. २१ डिसेंबरला दुपारी जॉन मोरान हा मुलकी कारकून डास सोडलेल्या भागात जाऊन पडला आणि ऐन नाताळच्या दिवशी त्याला ताप चढला. जाळीपलीकडे झोपणारे मात्र ठणठणीत राहिले. त्याआधी ५ डिसेंबरला जॉन किसिंजर या सैनिकाला डास चाववले होते. छावणीतला पहिला प्रायोगिक रोगी तोच. दोघांनीही पैसे घ्यायला नकार दिला होता. छावणीत कोणी दगावले नाही.

क्युबात नुकत्याच आलेल्या स्पॅनिश मजुरांसाठी वेगळी व्यवस्था होती. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले करारपत्र, शंभर डॉलर सोन्यात, आणि रोग झाला तर आणखी शंभर. सही करणाऱ्याचे वय पंचवीसच्या वर हवे होते, आणि जिवाला धोका आहे हे आपल्याला समजले, असे त्याला लिहून द्यावे लागे. या बेटावर राहिल्यास रोग टळणे अशक्य आहे, असेही कराराने त्याच्याकडून वदवून घेतले होते. माणसावरील प्रयोगाआधी लेखी संमती घेण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण असल्याने वैद्यकीय नीतिशास्त्रात त्याचा नेहमी गौरव होतो. तो रास्त आहे. पण रोग अटळ आहे असे सांगून आणि मजुराला डोळे दिपवणारी रक्कम पुढे करून घेतलेली संमती कितपत मोकळी म्हणायची, हा प्रश्नही त्याच कागदात आहे.

आंतोनियो बेनिग्नो, निकानोर फेर्नांदेस, बेसेंते प्रेसेदो आणि होसे मार्तिनेस यांनी डास चाववून घेतले आणि तापही सोसला. तरीही ‘आमचे स्पॅनिश मित्र’ लक्षात राहिले ते रीड यांच्या एका खेळकर परिच्छेदामुळे. पहिले रोगी पाहिल्यावर त्यांच्यापैकी काहींचा विज्ञानातला रस एकाएकी आटला आणि त्यांनी छावणी सोडली, असे रीड लिहितात. घाबरून निघून जाणे हा तर त्यांचा हक्कच होता. आणि घाबरले असूनही जे थांबले, त्यांच्याबद्दल हा परिच्छेद काही सांगत नाही.

स्मरणाची सुरुवात लाझिअर यांच्यापासून झाली. १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या नावाचा स्मृतिफलक लागला. जिवंत राहिलेल्यांना मात्र फार वाट पाहावी लागली. किसिंजरला पुढे पांगळेपण आले आणि अनेक वर्षे हलाखीत गेली. अखेर २८ फेब्रुवारी १९२९ रोजी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला : सुवर्णपदक, दरमहा १२५ डॉलर, आणि सैन्याच्या वार्षिक नामावलीत कायमची सन्मानयादी. यादीत २२ नावे होती, चारही डॉक्टर धरून. १९५० च्या दशकात तीत रुग्णांवर उपचार करणारे डॉ. रॉजर एम्स आणि शुश्रूषा करणारा गुस्ताव लँबर्ट यांची भर पडली. स्पॅनिश मजुरांपैकी एकाचेही नाव नव्हते.

जागा आणि कागद वाचले ते मुख्यतः फिलिप हेंच यांच्या ध्यासामुळे. हेंच हे मेयो क्लिनिकमधले संधिवाततज्ज्ञ. कॉर्टिसोनवरील कामासाठी १९५० चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी ते एक. १९३७ च्या सुमारास त्यांनी किसिंजर व मोरान यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि मग थांबलेच नाहीत. हयात असलेल्यांच्या मुलाखती, कुटुंबांकडची पत्रे, जुनी छायाचित्रे असे सगळे ते गोळा करत गेले. १९४० मध्ये मोरानला बरोबर घेऊन त्यांनी मारियानाओत ती पहिली खोली शोधून काढली. ज्या खोलीत कोणाला काही झाले नाही तीच नेमकी टिकून होती. पुढची बारा वर्षे तिच्या जतनासाठी पाठपुरावा चालला. किसिंजर १९४६ मध्ये गेला, मोरान १९५० मध्ये. कॅम्प लाझिअर राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन ३ डिसेंबर १९५२ रोजी झाले. ३ डिसेंबर हा फिनले यांचा जन्मदिवस, आणि क्युबाच्या दृष्टीने या निवडीला मोठा अर्थ होता. श्रेय हवानाचे की वॉशिंग्टनचे, हा वाद तोवर अर्धशतक जुना झाला होता.

हेंच यांना या विषयावर लिहायचे असलेले पुस्तक पुरे झाले नाही. १९६५ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी मेरी हेंच यांनी सगळा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला. रीड याच विद्यापीठाचे विद्यार्थी. आता त्यातले हजारो कागद संगणकावर पाहता येतात.

क्लारा मास हिची आठवण वेगळ्या वाटेने टिकली. न्यू जर्सीची ही पंचवीस वर्षांची परिचारिका रीड मंडळाच्या प्रयोगांत नव्हती. १९०१ मध्ये हवानाच्या लास आनिमास रुग्णालयात पुढचे प्रयोग झाले, त्यांत तिने भाग घेतला. एकदा सौम्य ताप येऊन गेल्यावर ऑगस्टमध्ये तिने पुन्हा डास चाववून घेतले, आणि २४ ऑगस्टला ती मरण पावली. त्याच प्रयोगांत दोन स्पॅनिश पुरुषही दगावले. १९२९ च्या यादीत क्लारा नव्हती. तिच्यासाठी धडपडल्या त्या तिच्या व्यवसायातल्याच बायका, विशेषतः ती जिथे शिकली त्या नूअर्कच्या रुग्णालयातील परिचारिका. १९५१ मध्ये क्युबाने तिचे टपाल तिकीट काढले, १९५२ मध्ये त्या रुग्णालयाला तिचे नाव मिळाले आणि १९७६ मध्ये अमेरिकेनेही तिकीट काढले. तिच्याबरोबर गेलेल्या त्या दोघांचे तिकीट कोणी काढले नाही.

हेंच यांच्या संग्रहात सन्मानयादीतल्या सैनिकांच्या पत्रांबरोबर आंतोनियो बेनिग्नोचे करारपत्रही आहे. तारीख २६ नोव्हेंबर १९०० : पहिल्या खोलीत कुक, फोक आणि जर्नेगन शिरण्याआधी चार दिवस.