किनेस्कोप: नळीचं नाव फिल्मला कसं चिकटलं

किनेस्कोप म्हणजे मुळात जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, म्हणजे चित्र उमटवणारी काचेची नळी. रशियातून अमेरिकेत गेलेले अभियंते व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी नोव्हेंबर १९२९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये रेडिओ अभियंत्यांच्या अधिवेशनात ती मांडली. ‘हालचाल’ आणि ‘पाहणं’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द जोडून नावही त्यांनीच ठेवलं. १९३२ मध्ये रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या आरसीए कंपनीने हे नाव ट्रेडमार्क करून घेतलं आणि १९५० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. रशियनमध्ये आजही पिक्चर ट्यूबला किनेस्कोपच म्हणतात.

अमेरिकेत मात्र हे नाव भलत्याच वस्तूला चिकटलं. तिथले बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायचे, आणि १९५१ पर्यंत पश्चिम किनाऱ्याला चित्र पोहोचवणारी जोडणीच नव्हती. व्हिडिओटेपचा तर पत्ताच नव्हता. मग सरळ उपाय निघाला: ट्यूबसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावरचं चित्र टिपायचं. सरळ म्हणायचं, पण टीव्हीची चित्रं सेकंदाला ३० आणि फिल्मची २४; हा मेळ बसवणारा खास कॅमेरा १९४७ मध्ये कोडॅकने आणला. अशी फिल्म म्हणजे ‘किनेस्कोप रेकॉर्डिंग’. रोजच्या बोलण्यात मागचा शब्द गळला, उरला नुसता ‘किनेस्कोप’.

जोडणी आली तरी दोन किनाऱ्यांच्या घड्याळातला तीन तासांचा फरक होताच. न्यूयॉर्कचा रात्री आठचा कार्यक्रम लॉस एंजेलिसमध्ये पाचलाच यायचा. तो तिथे फिल्मवर घ्यायचा, घाईघाईने धुवायचा आणि आठला दाखवायचा. याला ‘हॉट किनेस्कोप’ म्हणत. चित्र अर्थातच फिकट, धुरकट. ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका हॉलिवूडमध्ये थेट फिल्मवर चित्रित झाली त्यामागे हेही कारण होतं: पूर्वेकडच्या प्रेक्षकांना असं चित्र दाखवणं प्रायोजकाला मंजूर नव्हतं.

१९५६ मध्ये ॲम्पेक्स कंपनीचं व्हिडिओटेप यंत्र आलं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांना बातम्या टेपवरून दाखवल्या. किनेस्कोपचे दिवस भरत आले. आता हा शब्द भेटतो तो संग्रहालयांच्या याद्यांत, ‘जुना थेट कार्यक्रम जिच्यामुळे उरला ती फिल्म’ या अर्थाने. १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना असाच सापडला. गायक बिंग क्रॉस्बी त्यात खेळणाऱ्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे भागीदार. सामना चालू असताना ते पॅरिसमध्ये होते, म्हणून त्यांनी तो किनेस्कोप करवून घेतला होता. त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरातल्या वाइनच्या तळघरात ती रिळं पडून होती, थेट २००९ पर्यंत.