शिआन : प्राचीन छांगआन
शिआन : चीनच्या शान्शी प्रांताची राजधानी व देशाच्या वायव्य भागातील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या सुमारे १.३ कोटी (२०२०). उत्तरेस वेई नदी, दक्षिणेस छिनलिंग पर्वत आणि मध्ये पिवळसर लोएस मातीचे सुपीक मैदान. या मैदानात चौ, छिन, हान, स्वेई, थांग अशा अनेक राजवंशांच्या राजधान्या एकमेकींच्या शेजारी, काही तर एकमेकींवर उभ्या राहिल्या. त्यांतील छांगआन सर्वांत गाजली. शिआन हे नाव १३६९ पासूनचे, मिंग काळातील. शाळेच्या इतिहासात भेटणारा युआन श्वांग (ह्युएनत्संग) भारताकडे निघाला तो याच नगरीतून, आणि परतलाही येथेच.

शहर पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. येथे ‘प्राचीन’ म्हणून जे डोळ्यांत भरते ते बहुधा तितके प्राचीन नसते, आणि खरोखर प्राचीन असलेले बरेचसे अजून जमिनीखाली आहे. शहराच्या मध्यभागाला वेढणारा भव्य तट पाहून थांग राजधानीत आल्याचा भास होतो. पण हा तट १३७० च्या दशकात मिंग राजवटीने बांधला. लांबी सुमारे १३.७ किमी., उंची १२ मी. आणि माथा इतका रुंद की त्यावर दोन मोटारी सहज शेजारून जातील. मोटारींना अर्थात मनाई आहे. भाड्याने सायकली मिळतात. दक्षिणेच्या योंगनिंग दरवाजाने वर चढून रमतगमत पूर्ण फेरी मारायला दोन तास पुरतात. तटाच्या आत चौकात उभा असलेला घंटा-मनोरा (१३८४) आणि जवळचा नगारा-मनोरा (१३८०) हेही मिंगकालीनच. त्यांपैकी घंटा-मनोरा तर १५८२ मध्ये उचलून सध्याच्या जागी आणलेला आहे.

थांग काळाचे (६१८–९०७) छांगआन याहून कितीतरी मोठे होते. त्याचा आराखडा स्वेई राजवटीत ५८२ मध्ये युवेन खाय याने आखला. क्षेत्रफळ सुमारे ८४ चौ.किमी., म्हणजे आजच्या तटातील भागाच्या सातपट. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि भिंतींनी बंदिस्त केलेल्या शंभराहून अधिक वस्त्या अशी त्याची रचना होती. संध्याकाळी नगारे वाजले की वस्त्यांचे दरवाजे बंद होत आणि मोठ्या रस्त्यांवर फिरण्यास बंदी असे. पश्चिमेच्या बाजारात सोग्दियन (मध्य आशियातील) व इराणी व्यापारी दुकाने मांडत. रेशीम मार्गाचे पूर्वेकडील टोक म्हणतात ते हेच. ९०४ मध्ये सेनापती चू वन याने सम्राटाला लोयांगला हलवले, वाडे-घरे उकलली आणि त्यांचे लाकूड वेई नदीत सोडून वाहून नेले. बांधकाम लाकडाचे आणि ठोकलेल्या मातीचे, त्यामुळे मागे उरले ते जोत्यांचे चौथरे. थांग सम्राटांच्या दामिंग राजवाड्याच्या जागी आज मोठे उद्यान आहे. तेथील मोकळ्या मैदानातून चालताना बऱ्याच पर्यटकांची निराशा होते, पण जोती पाहायची सवय असलेल्यास ते शहरातील सर्वांत बोलके ठिकाण वाटेल.

शहरात जमिनीवर टिकलेल्या थांगकालीन वास्तूंपैकी ठळक दोन, आणि दोन्हींचा भारताशी संबंध आहे. दायान पगोडा (मोठ्या रानहंसाचा पगोडा) ६५२ मध्ये उभारला गेला तो युआन श्वांगने भारतातून आणलेले ग्रंथ व मूर्ती सुरक्षित ठेवण्यासाठी. तो ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. मूळ पगोडा पाच मजली होता. तो खचल्यावर सम्राज्ञी वू हिच्या काळात, आठव्या शतकाच्या आरंभी, नव्याने बांधला गेला. आज तो सात मजली, सुमारे ६४ मी. उंच आणि किंचित कललेला आहे. धाकटा शियाओयान पगोडा भारतात जाऊन आलेला यात्रेकरू इ-चिंग याच्या नावाशी जोडलेला असून भूकंपांत त्याचे माथ्याचे मजले गेले. त्याच्या आवारात गर्दी कमी असते; वेळ एकाच पगोड्यापुरता असेल तर हाच निवडावा.

युआन श्वांगचे प्रवासवर्णन ६४६ मध्ये छांगआनमध्येच लिहून पूर्ण झाले. त्यात महाराष्ट्राचे लोक मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असल्याचे म्हटले आहे. हर्षवर्धनाला दाद न देणाऱ्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची हकीकत आहे आणि डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन आहे. हा विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. याच्याही दोन शतके आधी, ४०१ पासून, भारतीय पित्याचा पुत्र कुमारजीव छांगआनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करीत होता.

बहुतेक पर्यटक येतात ते मात्र शहरापासून पूर्वेला सुमारे ३५ किमी. असलेल्या लिनथोंगच्या मृत्तिका-सैन्यासाठी. मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या मूर्तींचे तुकडे लागले आणि चीनचा पहिला सम्राट शी-हुआंग (मृत्यू इ.स.पू. २१०) याच्या समाधीचे रक्षक दल उजेडात आले. सैनिकांची संख्या सुमारे ८,००० असल्याचा अंदाज आहे. बहुतेक अजून गाडलेलेच आहेत. मूर्तींवर मूळचे भडक रंग होते, पण मातीबाहेर येताच रंगाखालचा रोगणाचा थर सुकून वळतो व पोपडे निघतात. उत्खननाची घाई न करण्यामागे हे एक मोठे कारण आहे. सम्राटाची समाधी तर उघडलेलीच नाही. तीत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या असे इतिहासकार सिमा छ्येन लिहितो, आणि टेकडीच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळले आहे. पहिल्या क्रमांकाच्या खड्ड्यापाशी सगळे पुढच्या कठड्यावर रेटारेटी करतात; मागच्या बाजूस मूर्ती जोडण्याचे काम चालते, ते अधिक पाहण्यासारखे.

नगारा-मनोऱ्यामागे हुई (चिनी भाषा बोलणाऱ्या) मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तेथील मोठी मशीद ७४२ ची असल्याची परंपरा सांगितली जाते, सध्याच्या इमारती मिंग काळातील व नंतरच्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागे एक चौक, कौलारू छपरे आणि बागा. याच गल्ल्यांत यांगरौ फाओमो मिळते. गिऱ्हाइकाने घट्ट रोटीचे बारीक तुकडे स्वतः करून वाडगा परत द्यायचा, मग त्यात मटणाचा रस्सा पडतो. भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. शाकाहारी मंडळींसाठी व्हिनेगर व मिरचीच्या तेलातील थंड ल्यांगफी (एक प्रकारच्या नूडल्स) बरी. पण ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, रश्श्याचीही चौकशी करावी.

दायान पगोड्याच्या दक्षिणेचा रोषणाईचा रस्ता एकविसाव्या शतकातला आहे. भाड्याचा थांगकालीन पोशाख घालून छायाचित्रे काढणाऱ्या तरुणाईने तो रात्री फुलून जातो. त्याला नकली म्हणून नाके मुरडणारेही आहेत. स्थानिक लोक मात्र तेथे आनंदाने फिरतात.

भुयारी रेल्वे २०११ मध्ये सुरू झाली. खणताना सतत पुरावशेष लागत असल्याने काम वारंवार अडले. नवव्या मार्गाने लिनथोंगपर्यंत जाऊन पुढे बस घेता येते. बीजिंगहून जलदगती रेल्वेने पाच-सहा तास लागतात. शान्शी इतिहास संग्रहालय आणि मृत्तिका-सैन्य यांची तिकिटे आधी नोंदवावीत; त्यासाठी पासपोर्ट लागतो. रोख पैसे क्वचितच कोणी वापरतो, तेव्हा फोनवरील पैसे देण्याची सोय निघण्यापूर्वीच करून घ्यावी. उन्हाळा तापदायक व हिवाळा कोरडा, कडक असतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध चांगला; ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा असल्याने टाळावा.