मोरचुदातलं पाणी आणि पाण्याचा वैरी

सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबावर तेल्या रोग दिसला की बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी प्लास्टिकच्या पिंपात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, भिजत पडतं. त्या निळ्या खड्यांत किलोमागे सुमारे ३६० ग्रॅम नुसतं पाणीच असतं. पैसे आपण त्याचेही मोजतो!

तरी खडा हाताला ओला लागत नाही, कारण त्यातल्या पाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे चार रेणू. पाचवा सल्फेटजवळ हायड्रोजन बंधांच्या आधाराने राहतो. परीक्षानळीत खडा तापवला की पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते, थेंबभर पाण्याने ती पुन्हा निळी होते. असे पाणी धरून ठेवणारे क्षार म्हणजे हायड्रेट.

हायड्राइड हे नाव ऐकायला सारखंच, पण स्वभाव अगदी उलटा. कॅल्शियमसारख्या धातूशी गाठ पडली की हायड्रोजन त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि ऋणभारित होतो, असं संयुग म्हणजे हायड्राइड. पाण्यातला हायड्रोजन किंचित धनभारित. दोघांची गाठ पडायचा अवकाश, जोडी जमवून वायुरूपाने निघून जातात. ग्रॅमभर कॅल्शियम हायड्राइड पाण्यात पडलं तर लिटरभराहून जास्त हायड्रोजन फसफसत बाहेर येतो (घरी करून बघायचा प्रयोग नव्हे, पेट घेऊ शकतो) आणि मागे उरतो चुना. बोर्डोत मोरचुदाच्या जोडीला पडतो, तोच.

मग हायड्राइडचं हायड्रेट कसं असेल? मलाही ते अशक्यच वाटायचं. पण सोडियम बोरोहायड्राइडचं आहे, दोन रेणू पाण्याचं. इथे हायड्रोजन मोकळा नाही. बोरॉनभोवती चार दिशांना चार हायड्रोजन सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधांनी बांधलेले असतात, त्यामुळे ऋणभार असूनही त्यांचा उतावळेपणा कमी. स्फटिकात पाण्याचा धन हायड्रोजन त्यांच्याकडे तोंड करून बसतो, दोन आंगस्ट्रॉमपेक्षाही जवळ (आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एरवी एकमेकांशी देणंघेणं नसलेले दोन हायड्रोजन साधारण २.४ आंगस्ट्रॉमच्या आत येत नाहीत. या ओढीला डायहायड्रोजन बंध म्हणतात. जवळ यायचं, पण जोडी जमवायची नाही, असा हा प्रकार.

फक्त उकाडा या हायड्रेटला सोसत नाही. ३६ अंश सेल्सियसच्या जरा वर गेलं की पाणी सुटतं आणि स्फटिक मोडतो. सोलापुरात मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा चाळिशीपार जातो. हे स्फटिक इथे ठेवायचे, तर फ्रिजमध्येच जागा करावी लागेल.