टीनएजर्सना पटवणाऱ्या जाहिराती

साधारण १३ ते १९ वयाच्या मुलामुलींना गळाला लावायला जाहिरातवाले ज्या युक्त्या वापरतात त्यांच्याबद्दलची ही नोंद. लहान मुलांना कार्टून आणि पुड्यातलं फुकट खेळणं पुरतं, मोठ्यांना किंमत, मायलेज, व्याजदर सांगावा लागतो, मधल्या वयाला मात्र एकच प्रश्न छळत असतो की मी चारचौघांत कसा दिसतो, आणि जाहिरात नेमकं तिथेच बोट ठेवते. वस्तू विकतायत असं वाटतं, पण खरं तर ग्रुपमधली जागा विकत असतात. पैसे बापाचे असले तरी घरात कुठला मोबाईल यायचा, कुठले शूज घ्यायचे, कुठला क्लास लावायचा यात पोरांचंच जास्त चालतं, त्यामुळे कंपन्या त्यांच्यामागे हात धुवून लागतात.

युक्त्या तशा मोजक्याच, आलटून पालटून त्याच. "सगळ्यांकडे आहे, तूच राहिलास" ही सगळ्यात जुनी. पुण्यात शनिवारी संध्याकाळी गुडलक चौकातून एफसी रोडने चालत निघालं की एकसारखे ढगळ टीशर्ट घातलेली पोरं इतकी दिसतात की वेगळ्या होर्डिंगची गरजच नाही, पोरंच चालती होर्डिंगं. दुसरी युक्ती धाडसाची, "डर के आगे जीत है" वाली, कोणीतरी कड्यावरून उडी मारतो आणि मग थंडगार बाटली. अशा जाहिरातींत "अरे जपून" म्हणणारी आई बहुतेक वेळा नसतेच, आईबापांना मुद्दाम बाहेर ठेवतात, कारण आपलं आपण ठरवतोय असं वाटणं हाच या वयाचा वीक पॉइंट आहे.

तिसरी युक्ती कमीपणाची. पिंपल, घामाचा वास, उंची, रंग. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि सावळी मुलगी, पडलेला चेहरा, क्रीम, मग नोकरी नाहीतर स्थळ, अशी गोष्ट पिढ्यानपिढ्या टीव्हीवर चालली. जाहिरातवाल्यांचीच स्वनियमन संस्था आहे ॲस्की, १९८५ पासूनची, तिने २०१४ मध्ये सांगितलं की सावळ्या रंगाला कमी लेखणारं दाखवू नका, २०२० मध्ये क्रीमचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. आता बाजारात "गोरी" कोणी म्हणत नाही, "ग्लो" म्हणतात, पोरींना अर्थ बरोब्बर कळतो.

शाळाकॉलेजच्या बाहेरची टपरी हा वेगळाच विषय. २० रुपयांत मिळणारी कॅफिनवाली एनर्जी ड्रिंकची बाटली हातात घेऊन उलटी फिरवून बघा, मुलांसाठी शिफारस नाही, दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नका असं त्यावर छापलेलं असतं (अन्नसुरक्षा नियमांत तशी सक्तीच आहे), पण ते डोळे बारीक करून वाचावं लागतं आणि पुढच्या बाजूला मात्र वीज, लाल रंग, स्पीड. पिणारा कोण, तर पाठीवर दप्तर असलेला. २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर-मीठ-चरबीवाल्या पदार्थांची जाहिरात किंवा विक्री शाळेच्या ५० मीटरच्या आत चालत नाही. पेठेतल्या शाळांच्या ५० मीटरमध्ये बसस्टॉप, झेरॉक्सवाला, वडापावची गाडी आणि दोन टपऱ्या आरामात बसतात, तेव्हा हा नियम कोण कुठून मोजणार देव जाणे.

पण पुण्यात टीनएजर्ससाठीची सगळ्यात जोरदार जाहिरात कोल्ड्रिंकची नाही, क्लासची असते, हे माझं मत. दहावीचा निकाल लागायच्या सुमारास अलका चौक, टिळक रोड, कर्वे रोड कुठेही मान वर करा, चष्मेवाल्या पोरापोरींचे फोटो आणि खाली ९९.९८. यातली गोम अशी की ते टक्के नसतात, पर्सेंटाइल असतं, म्हणजे मार्क किती ते नाही, दर शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहे ते. जेईई मेनला १४ लाखांच्या आसपास मुलं बसली तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण १४ हजार जण असतात, पण होर्डिंगखालून टूव्हीलरवर जाणाऱ्या बापाला १०० पैकी ९९ दिसतात आणि मागे बसलेल्या पोराला आपण सिक्स्टी परसेंटवाले असल्याची लाज वाटते. एकाच बाणात दोघे. शिवाय एकच टॉपर दोन-तीन क्लासेसच्या होर्डिंगवर झळकतो, कारण एकाकडे तो शिकलेला असतो आणि दुसऱ्याकडे त्याने नुसती टेस्ट सिरीज दिलेली असते, आणि तेवढं वाक्य कोपऱ्यात स्टार टाकून बारीक टाइपात. अशा कारणांवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने देशभरातल्या बऱ्याच क्लासेसना दंड केलेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खास क्लासेससाठी नियम काढले: सिलेक्शनची हमी द्यायची नाही, मुलाने नक्की कुठला कोर्स केला ते सांगायचं, निकाल लागल्यावर त्याची लेखी परवानगी घेऊनच फोटो लावायचा, "शेवटच्या काही सीट्स" अशी खोटी घाई करायची नाही. होर्डिंगं अजून लागतातच, फक्त स्टार वाढलेत.

मोबाईलवर हीच घाई उलटं धावणारं घड्याळ लावून करतात. ऑफर नाकारायची तर बटणावर "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं लिहिलेलं, म्हणजे नाही म्हणायलाच लाज वाटावी. २०२३ मध्ये सरकारने अशा १३ फसव्या प्रकारांवर बंदी घातली त्यात हे दोन्ही येतात. रील्सवरचे दादा-ताई त्याहून हुशार, होस्टेलच्या खोलीत बसून गप्पा मारल्यासारखं बोलतात आणि शेवटी डिस्काउंटचा कोड देतात. ॲस्कीने २०२१ पासून अशा व्हिडिओवर जाहिरात असल्याचं लेबल लावायला सांगितलंय. पोरांना ते लेबल दिसत नाही असं नाही हं, दिसतं, पण "त्याला पैसे मिळतात, मग काय झालं" असं सरळ उत्तर येतं. पैशांच्या ऑनलाइन गेम्समध्ये तर क्रिकेटर दोन मिनिटं स्वप्नं दाखवायचा आणि व्यसन लागू शकतं हे वाक्य शेवटी रेल्वेच्या अनाउन्समेंटच्या दुप्पट स्पीडने उरकायचे, ते गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही २०२५ च्या कायद्याने बंद केले.

१८ च्या आतल्यांच्या मागावर राहून त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत असं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. आमच्याकडच्या दहावीतल्या भाच्याने अकाउंट उघडताना जन्मसाल २००० टाकलंय, त्यामुळे त्याला सध्या पर्सनल लोनच्या जाहिराती येतात.