फील्ड म्हणजे नेमका कोणता फील्ड?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कायद्याबद्दल वाचताना 'फील्ड' हे आडनाव वारंवार भेटतं आणि दोन सख्ख्या भावांची गल्लत होते. दोघेही कनेक्टिकटमधल्या हॅडमचे, दोघेही वकील. धाकटा वकिली शिकला तोही थोरल्याच्या न्यूयॉर्कमधल्या ऑफिसात.

'फील्ड कोड', म्हणजे दिवाणी दावे कसे चालवायचे याची संहिता, थोरल्याचा, म्हणजे डेव्हिड डडली फील्डचा (१८०५–१८९४). त्याआधी 'कॉमन लॉ' (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) आणि 'इक्विटी' (न्यायबुद्धीवर आधारलेली दाद) यांच्या वाटा वेगळ्या होत्या, आणि दाव्याचा ठरीव साचा चुकला तर खरी बाजू असलेला माणूसही हरायचा. १८४८ मध्ये न्यूयॉर्कने स्वीकारलेल्या त्याच्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ते साचे मोडले: हकिगत साध्या भाषेत मांडायची, दावा एकाच प्रकारचा. मला हे त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. पुढे त्याने बॉस ट्वीडसारख्या भ्रष्ट पुढाऱ्याचं वकीलपत्र घेतलं, तो डाग आहेच. पण सामान्य पक्षकाराचं त्याने केलेलं भलं त्या डागामुळे पुसलं जात नाही.

आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायचा तो हाच फील्ड. त्याचा दिवाणी कायद्याचा मसुदा खुद्द न्यूयॉर्कने कधीच मंजूर केला नाही. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली काही कलमं त्याच मसुद्यावरून घेतलेली आहेत, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही तो मसुदा आधाराला घेऊन आपली संहिता केली.

धाकटा स्टीफन जॉन्सन फील्ड (१८१६–१८९९) हा न्यायमूर्ती. १८४९ मध्ये, सोन्याच्या धामधुमीत, तो कॅलिफोर्नियाला गेला आणि पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. १८६३ मध्ये लिंकनने त्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. १८९७ पर्यंत तो तिथे होता. 'न्यायमूर्ती फील्ड यांचं भिन्न मत' असं वाचलंत तर तो स्टीफन.

गोंधळ होतो तो दोघे एकाच प्रसंगात येतात तेव्हा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात १८५१ मध्ये भावाच्या संहितेवर बेतलेला प्रक्रिया कायदा आणला तो स्टीफनने. १८६६ च्या मिलिगन खटल्यात तर लष्करी न्यायाधिकरणाने शिक्षा ठोठावलेल्या मिलिगन या नागरिकाच्या बाजूने डेव्हिड युक्तिवाद करत होता आणि समोरच्या न्यायासनावर स्टीफन बसलेला होता. दिवाणी न्यायालयं चालू असताना नागरिकावर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालवता येत नाही, असं बहुमताने ठरलं; त्या पाच न्यायमूर्तींत स्टीफनही होता.